लॅपटॉपचे स्पीकर : इंदूरच्या बाजारात काय मिळतं, त्यातलं काय घ्यावं

सिल्व्हर मॉलमधली कॉम्प्युटरची दुकानं असोत की जेल रोडच्या गल्ल्या, लॅपटॉपच्या आतले स्पीकर मागितले की तीनपैकी एक वस्तू हातात येते. कंपनीच्या पार्ट नंबरसह बंद पिशवीत आलेला नवा संच. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेला जुना ओरिजिनल, ज्याला काउंटरवर ‘निकाला हुआ माल’ म्हणतात. किंवा त्याच मापाची नवी कॉपी, जिला दुकानदार आदराने ‘कम्पॅटिबल’ म्हणतो. हे परीक्षण या तिन्हींचं आहे, पण एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी. त्याने घरी स्वतः लॅपटॉप उघडला, एसएसडी टाकली, पंखा साफ केला किंवा कीबोर्ड बदलला, आणि झाकण लावल्यावर आवाज तरी गेला, एकाच बाजूने तरी येऊ लागला, नाहीतर फाटू लागला.

अशा गिऱ्हाइकाने संच घ्यायला लगेच निघू नये. काल वाजत असलेला स्पीकर झाकण उघडल्यामुळे आपोआप मरत नाही. त्याची वायर ओढली गेली असेल, त्याच्या थरथरणाऱ्या पडद्यात स्क्रू घुसला असेल, तरच. बहुतेक वेळा स्पीकर धडधाकट असतो आणि सिग्नलच त्याच्यापर्यंत पोचत नसतो. अशा वेळी नवा संच लावला तर तोही गप्पच बसणार, आणि ‘माल खराब निकला’ म्हणून दुकानदाराशी वाद होणार, ज्यात चूक त्याची नसेल.

पहिली तपासणी हेडफोनची. हेडफोनमध्ये आवाज आहे आणि स्पीकरमध्ये नाही, तर ऑडिओची चिप जिवंत आहे. शोध प्लग, वायर, हेडफोनचा जॅक आणि स्पीकर एवढ्यापुरता उरतो. दोन्हीकडे आवाज नसेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आउटपुट कुठे चाललंय ते बघा. दुरुस्तीनंतर डिस्प्ले तपासायला एचडीएमआयने टीव्ही जोडला होता आणि आवाज तिकडेच वळला, हे फार वेळा होतं. तसं नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून ऑडिओ डिव्हाइस अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवायला हवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी वेगळा स्मार्ट अँप्लिफायर असतो, म्हणजे आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप, सिरस लॉजिक किंवा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची. नवी एसएसडी टाकून कोरी विंडोज चढवली की तिचा सर्वसाधारण ड्रायव्हर हेडफोन वाजवतो, पण या अँप्लिफायरला जागं करत नाही. लक्षणं हुबेहूब मेलेल्या स्पीकरची, इलाज फक्त ड्रायव्हरचा. तो लॅपटॉपच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा. चिपसेटचा आणि, मशीन इंटेलचं असेल तर, इंटेल स्मार्ट साउंडचा असे ड्रायव्हर त्याच पानावर असतात. तेही चढवा आणि मग ऑडिओचा.

विंडोजला पूर्ण बाजूला ठेवून तपासायचं असेल तर डेलमध्ये चालू करताना एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्समध्ये जा. तिथे स्पीकर वाजवून बघता येतो. काही डेल मॉडेलांच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, आतल्या स्पीकरला स्वतंत्र टिक असते, तीही बघून घ्या. एचपीत एस्केप आणि मग एफ२ ने हार्डवेअरच्या चाचण्या उघडतात. उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी लिनक्स, हाही चांगला मार्ग आहे, पण त्याचा निकाल एकतर्फी वाचायचा: आवाज आला तर हार्डवेअर ठीक हे पक्कं, नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण स्मार्ट अँप्लिफायर तिथेही ड्रायव्हरविना झोपलेला असू शकतो.

आता पुन्हा झाकण उघडायचं. चार्जर काढा, मशीन बंद करा, झाकण निघाल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा प्लग सोडवा आणि पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. मगच स्पीकरच्या प्लगला हात लावा. बॅटरी जोडलेली असताना चिमटा घसरला तर स्पीकरपेक्षा महाग वस्तू जाते.

स्पीकरचा प्लग बहुधा ४ पिनांचा असतो, पिनांमधलं अंतर १ ते १.२५ मिलिमीटर. तो तिरका बसला की दोन पिना लागतात, दोन सुटतात आणि एकाच बाजूचा आवाज येतो. एकतर्फी आवाजाचं इतकं साधं कारण दुसरं नाही. काही प्लग वरून दाबून बसतात, काही आडवे सरकून; सॉकेटला कोणत्या बाजूने तोंड आहे ते भिंगातून पाहिल्याशिवाय जोर लावू नका. काढताना वायर धरून ओढली असेल तर वायरच्या टोकाची धातूची क्लिप प्लॅस्टिकच्या घरातून मागे सरकते. प्लग बसलेला दिसतो, पण आत स्पर्श नाही. अशी वायर बारीक सुईने मागून पुढे ढकलली की टक्‌ आवाज होऊन जागेवर बसते. बोर्डावरचं सॉकेटच उपटलं असेल तर ते घरचं काम राहिलं नाही; हॉट एअर आणि मायक्रोस्कोप असलेल्या कारागिराकडे द्या.

ज्या मशीनमध्ये हेडफोनचा जॅक वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तिथे फ्लॅट केबल हा नेहमीचा संशयित. कीबोर्ड किंवा हिंज बदलताना ती काढावी लागते. सॉकेटची पट्टी उभी करायची, केबल शेवटपर्यंत सरळ आत घालायची आणि मग पट्टी पाडायची. केबलवरची आडवी पांढरी रेघ सॉकेटच्या कडेला दोन्ही टोकांना समांतर दिसली पाहिजे. एक टोक अर्धा मिलिमीटर जरी बाहेर राहिलं तरी जॅक ओळखण्याचा सिग्नल चुकतो, मशीनला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे, आणि ते स्पीकर बंद ठेवतं. साउंड सेटिंगमध्ये काहीही न जोडता ‘हेडफोन्स’ दिसत असेल तर हेच समजा. केबल नीट असेल तर जॅकमधली स्प्रिंगची पट्टी अडकलेली असते. हेडफोनची पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करणं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब, एवढ्याने ती पुष्कळदा सुटते.

यानंतर वायरचा मार्ग. स्पीकरची वायर कडेच्या खाचांतून फिरवलेली असते. ती खाचेतून निसटून स्क्रूच्या खांबाखाली किंवा हिंजच्या पत्र्याखाली आली की झाकण दाबताना चिरते. इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. जुन्या रेडिओ-टेपमध्ये स्पीकरची एक वायर ग्राउंडला, म्हणजे बॉडीच्या धातूला, असे. लॅपटॉपमध्ये तसं नाही. स्पीकरच्या दोन्ही वायरी अँप्लिफायरने उलट-सुलट चालवलेल्या असतात, कोणतीच ग्राउंड नाही. त्यामुळे चिरलेल्या वायरीपैकी कोणतीही बॉडीच्या धातूला टेकली की अँप्लिफायर स्वतःला वाचवायला बंद होतो. आवाज दोन सेकंद येतो, जातो, पुन्हा येतो. किंवा झाकण सैल असताना येतो आणि स्क्रू आवळल्यावर जातो. हे लक्षण दिसलं की वायर बोटाबोटाने तपासा. ‘काळी वायर म्हणजे मायनस’ म्हणून ती बॉडीला जोडण्याचा शहाणपणा कुणी केला असेल, तर तोही याच खात्यात.

आवाज येतो पण फाटतो, झणझणतो, तर कान जवळ नेण्याआधी स्पीकरचं चुंबक बघा. दुरुस्तीत हरवलेला छोटा स्क्रू बहुतेक वेळा तिथेच सापडतो, चुंबकाला चिकटलेला किंवा जाळीतून पडद्यावर बसलेला. सांवेर रोडच्या कारखान्यांत किंवा पीथमपूरला वापरात असलेल्या मशीनमध्ये लोखंडाची भुकटी पडद्यावर जमते. ती फुंकून जात नाही. चिकटपट्टीचा कोपरा हळूच टेकवून उचलावी. दुसरं कारण रबराचे बूच. स्पीकरच्या स्क्रूच्या भोकांत चार छोटे रबरी गट्टू असतात, ते उघडताना निसटून टेबलाखाली जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांच्याशिवाय स्क्रू आवळला की पूर्ण डबी बॉडीला घासून वाजते. तिसरं कारण फोमची पट्टी. स्पीकर आणि जाळी यांच्यामधला फोम फाटला तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळून खर्ज नाहीसा होतो. दुहेरी चिकट फोम टेप, जाडी १ ते २ मिलिमीटर, आतून तोंड कापून लावली की काम होतं.

आणि बॅटरी. फुगलेली बॅटरी शेजारच्या स्पीकरच्या डबीला दाबते आणि आवाज घोगरा होतो. तिथे स्पीकरचा विचार सोडून आधी बॅटरी बदला.

एवढं करूनही संशय स्पीकरवरच असेल, तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. स्पीकरचा प्लग बोर्डातून काढून प्रोब आधी एकमेकांना लावा, जे रीडिंग येईल ते वजा धरा, मग एका स्पीकरच्या दोन वायरी मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर साधारण ३.२ ते ४.२ दाखवतो, ८ ओहमचा ६.५ ते ८. प्रोब टेकताना स्पीकरमधून बारीक ‘कर्र’ ऐकू आलं तर आतली तारेची कॉइल हलते आहे. मीटर आकडा न देता ओपन दाखवत असेल तर वायर किंवा कॉइल तुटली. शून्याच्या जवळ असेल तर शॉर्ट. एकाच संचातल्या डाव्या-उजव्याच्या रीडिंगमध्ये अर्ध्या ओहमहून जास्त फरक असणं हेही चांगलं लक्षण नाही. इतकं झाल्यावर मोजमाप कागदावर लिहून बाजारात निघावं.

बाजारात पहिली चूक होते ती मॉडेलच्या नावाने मागण्याची. एकाच मालिकेतल्या १४ आणि १५ इंची मशीनचे स्पीकर दिसायला भाऊ-भाऊ, पण वायरची लांबी, स्क्रूची भोकं आणि प्लग वेगळे. झाकण उघडून स्पीकरच्या डबीवरचा नंबर वाचा: डेलमध्ये डीपी-एन नंतरचा पाच अक्षरांचा कोड, लेनोवोत एफआरयू, एचपीत मधे डॅश असलेला स्पेअर नंबर. जुना संच सोबत न्या, फोटोवर भागवू नका. आणि डबी तीच दिसत असली तरी ओहम तेच हवेत. ८ ओहमच्या जागी ४ चा बसवला तर अँप्लिफायरमधून जवळपास दुप्पट करंट जातो; मोठ्या आवाजात तो तापून बंद होतो. ४ च्या जागी ८ चा लावला तर बिघडत काही नाही, आवाज मात्र कमी येतो.

तिन्ही प्रकारांपैकी आमची पसंती जुन्या ओरिजिनलला, तेही काउंटरवर वाजवून घेतलेल्या. त्याचं चुंबक, पडदा आणि डबी त्याच मशीनसाठी बनलेली असतात, आणि किंमत नव्या ओरिजिनलपेक्षा बरीच कमी. बघायच्या जागा चार: पडद्याच्या कडेची मऊ किनार कुठे फाटली आहे का, रबरी गट्टू आहेत का, प्लगजवळ वायर वळून तडकली आहे का, आणि दोन्ही डब्या एकाच मशीनच्या आहेत का. शेवटचं महत्त्वाचं, दोन वेगवेगळ्या मशीनचे डावे-उजवे जुळवून ‘पूरा सेट है भिया’ म्हणून देणं या बाजारात नवं नाही. स्टिकरवरचा नंबर दोन्हीकडे एकाच कुळातला हवा. गट्टू नसतील तर आपल्या जुन्या संचातले काढून घ्या.

नवा ओरिजिनल निर्धोक आहे, पण तो मागवावा लागतो आणि पाच-सहा वर्षं जुन्या मशीनसाठी तेवढा खर्च पटत नाही. वॉरंटीतल्या मशीनला मात्र दुसरा पर्यायच धरू नका.

कॉपीबद्दल थोडं सविस्तर, कारण जास्त विकली जाते तीच. बोलण्याचा आवाज कॉपी बरा देते. भंवरकुआंला कोचिंगची रेकॉर्डेड लेक्चर ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढं पुरतं. गाणं लावलं की उणेपणा कळतो: चुंबक हलकं, डबीचं प्लॅस्टिक पातळ, साठ-सत्तर टक्क्यांच्या वर आवाज नेला की झणझण. तरी हे सगळं किमतीत माफ करता येतं. माफ न करण्यासारखे दोष दोन. एक, प्लगमधल्या धातूच्या क्लिपा सैल असतात, त्यामुळे बसवल्यावर महिन्याभरात एक बाजू येत-जात राहते. दोन, डाव्या आणि उजव्या स्पीकरची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण, कधीकधी एकमेकांच्या उलट जोडलेली असते. मग दोन्ही वाजतात, ओहमही बरोबर येतात, पण गायकाचा आवाज मधोमध न येता विखुरलेला वाटतो आणि खर्ज गायब. गिऱ्हाईक ड्रायव्हर बदलत बसतं.

हा दोष काउंटरवरच पकडता येतो, १.५ व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलने. सेलचं धन टोक स्पीकरच्या एका वायरीला, ऋण दुसरीला, फक्त क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला की आत गेला ते बघा. दुसऱ्या स्पीकरलाही प्लगमधल्या त्याच जागेच्या पिनेवर तसंच करा, पण आधी आपल्या जुन्या संचावर कोणती पिन धन आहे ते सेलने ठरवून लिहून ठेवा. वायरच्या रंगावर विश्वास नको. लाल-काळी, पांढरी-काळी असे रंग दिसतात, पण त्यांचा एक नियम नाही. सेल धरून ठेवू नका, इतकी बारीक कॉइल तापते.

वाजवून बघायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे पीएएम ८४०३ चिपचं छोटं अँप्लिफायर बोर्ड. प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या दुकानांत स्वस्तात मिळतं, ५ व्होल्टवर चालतं म्हणजे पॉवर बँक पुरते, आणि ४ ओहमचे दोन स्पीकर आरामात हलवतं. त्याच्याही दोन्ही मायनस एकत्र जोडायच्या नाहीत, कारण तेच: ग्राउंड इथेही नाही. मोबाइलवर टोन जनरेटर, म्हणजे एकच सूर वाजवणारं अॅप, लावून सूर २०० पासून १००० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवा. सैल डबी, फाटलेली किनार, आतला कचरा, सगळं याच पट्ट्यात कुठेतरी बोलून जातं. गाणं लावून ते कळत नाही. गाण्यात झणझण लपते. जो दुकानदार हे करू देतो त्याच्याकडून घ्या. बरेच जण करू देतात, फक्त दुपारच्या गर्दीत नको.

नवा संच जोडण्याआधी ज्यांचा हात स्थिर आहे त्यांनी एक मोजणी जरूर करावी. जुना स्पीकर जळलेला निघाला, म्हणजे मीटरने ओपन किंवा शॉर्ट दाखवला आणि वायर मात्र धड होती, तर अँप्लिफायरनेच तो जाळला असण्याची शक्यता असते. स्पीकर न जोडता मशीन चालू करा, गाणं अगदी हळू लावा आणि बोर्डाच्या सॉकेटवर एका स्पीकरच्या दोन पिनांमध्ये डीसी व्होल्टेज मोजा. ते शून्याच्या आसपास हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त कायम टिकून असेल तर नवा संचही काही दिवसांत जाईल. आधी बोर्ड दाखवा. पिना इतक्या जवळ असतात की जाड प्रोब दोन्हींना एकदम टेकतो, म्हणून प्रोबच्या टोकाला शिवणाची सुई बांधून काम करा. हात थरथरत असेल तर हे काम कारागिराचं.

प्लग जुळत नसेल तर जुना प्लग वायरसह कापून नव्या स्पीकरला जोडता येतो. यासाठी लागणारं सामान महाराणी रोडला मिळतं: बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न, ०.५ मिलिमीटरची सोल्डर वायर, फ्लक्स आणि १ ते १.५ मिलिमीटर व्यासाची, तापवली की आवळणारी हीट श्रिंक ट्यूब. सगळ्या वायरी एकाच लांबीवर कापू नका. प्रत्येक जोड आधीच्याच्या सेंटिमीटरभर मागे ठेवा, म्हणजे ट्यूब सरकली तरी दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत आणि खाचेत गाठही होत नाही. ट्यूब आधी वायरवर ओवा, नंतर जोडा. हे सांगायची गरज नसावी, पण असते. आयर्न ३२० ते ३५० अंशांवर, टेकवायचं दोन सेकंद. जास्त वेळ धरलं तर वायरचं वेष्टण आक्रसून मागे जातं आणि उघडा तांबा बॉडीला टेकायला मोकळा होतो. चुंबकाजवळ आयर्न नेताना सांभाळा, टोक त्याकडे खेचलं जातं. फाटलेल्या पडद्याला फेविक्विक लावून संच वाचवण्याचा मोह टाळा. ते कडक होतं आणि किनार हलायचीच थांबते.

सगळे स्क्रू आवळण्याआधी, झाकण नुसतं टेकवून ठेवलेलं असताना, डावी-उजवी बाजू वेगवेगळी वाजवून बघा. मग स्क्रू आपापल्या जागी. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर तो मदरबोर्डातून आरपार जाऊ शकतो आणि त्याला कोणत्याही दुकानातला संच उपाय नाही. स्क्रू आवळल्यावर आवाज बिघडला, तर ज्या स्क्रूने बिघडला तो सैल करा. त्याखालीच वायर आहे. बिल घ्या, संचाचं स्टिकर फाडू नका आणि चार-आठ दिवस नीट वाजेपर्यंत जुना संच भंगारात टाकू नका, कारण बदलून देताना दुकानदार पहिल्यांदा स्टिकर बघतो, आणि जुन्या संचाचे गट्टू पुन्हा लागतात.